दादाचं दुखणं

हिर्डोशी
११ नोव्हेंबर २०२४

सुलक्षणा वन्सं,

पत्र बघून दचकू नका. घरी समदी बरी हायेत. तुमच्या आई, आमच्या आत्या, भात झोडायला खळ्यावर गेल्यात, तेवढ्यात लिहिते. चुलीच्या ओट्यावर कागद ठेवून उभ्यानं लिहितेय, म्हणून अक्षर वाकडं.

दिवाळीत तुमी आलात तवा चारदा तोंडाशी आलं, चारदा गिळलं. फोनवर बोलता येत न्हाई. मोबाईल ह्यांच्या खिशात, आन रेंज वरच्या टेकाडावर, टेपावर. टेपावरनं बोललं की साऱ्या वाडीला ऐकू जातं.

तुमच्या दादाला गळू झालंय. पाठीचा कणा संपतो ना, तिथं खाली, घडीत. आधी तांदळाच्या कणीयेवढं भोक व्हतं. मग सुजलं, ठणकलं, ताप आला, फुटलं. पू गेला की हलकं वाटतं. पंधरा-वीस दिसांनी परत तेच. आखाडापासनं ही चौथी बारी. दवाखान्यात मांडीला गळू हाय म्हणून सांगितलं आन गोळ्या आणल्या. आठ दिस बरं, की पुन्हा.

ह्यांना काई इचारू नका. तुमी धाकट्या बहीण. तुमाला सांगितलं हे कळलं तर घरी यायचे न्हाईत, घाटातच टेम्पोत निजतील. तुमी शिकलेल्या, रोज ह्याच कामात. गोळीचं नाव तेवढं लिहून पाठवा.

माझ्या मायेरी, वेल्ह्याकडं, माझी ठकुबाई आत्या व्हती. तिला खालच्या जागी असंच काईतरी व्हतं. तिला गोठ्याजवळच्या पडवीत निजवायचे. ताट वेगळं, तांब्या वेगळा. कुणी म्हणायचं तिला बाहेरचं लागलंय, कुणी आणखी वाईट म्हणायचं. ती पडवीतच गेली. मला लई भ्या वाटतं, म्हणून लिहिलं.

रत्ना


भोर
१६ नोव्हेंबर २०२४

रत्ना वहिनी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा लॅबमध्ये, एकदा नदीवर. सकाळी नीरेवर इतकं धुकं असतं की पलीकडचा काठ आहे हे विश्वासानेच मानायचं. तिथे बसून मी दादाचा विचार करत होते.

घाबरू नका. हे दुखणं मला ओळखीचं वाटतं. त्याला पायलोनिडल सायनस म्हणतात. माकडहाडाजवळच्या घडीत तुटका केस काट्यासारखा कातडीत शिरतो. शरीर त्याच्याभोवती पिशवी करतं, त्यात जंतू राहायला येतात. पुस्तकात लिहिलंय की हे तरुण पुरुषांना जास्त होतं, आणि त्यातही दिवसभर बसून धक्के खात गाडी चालवणाऱ्यांना. वाचताना मला वरंधा घाटातली सगळी वळणं दिसली, आणि प्रत्येक वळणावर दादा. भाऊबीजेला ओवाळताना तो पाटावर सारखा चुळबुळत होता आणि जेवला तर उभ्याउभ्याच. मी त्याला चिडवलं, "एवढी घाई कुणाला भेटायची?" आता त्याचं वाईट वाटतं.

यात लाज वाटावी असं काही नाही. बाहेरचं नाही, वाईट चालीचं नाही, ताटातून कुणाला लागणारंही नाही. ठकुबाई आत्यांना पडवीत ठेवलं ती चूक झाली. शिकल्याचा मला काही उपयोग असेल तर तो एवढाच, की असं आता आपल्या घरात होऊ नये.

गोळीचं नाव मात्र मी सांगणार नाही. डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय ते बरोबर नाही. पण कुठला जंतू आहे हे आधी पाहता येईल. आमच्या लॅबप्रमुख गंगाधर सरांना विचारलं. "भाऊ आहे ना? मग कर," एवढंच म्हणाले.

सोबत एक नळी पाठवते. झाकणाला कापसाची काडी आहे, तळाशी जेली. दादाला पालथं झोपवा. भोवतीची जागा उकळून गार केलेल्या पाण्याने पुसा. काडी भोकाच्या तोंडाशी ओल्या पुवात फिरवा, कुठे न टेकवता नळीत घाला. हिर्डोशीच्या गाडीवर नूतनताई कंडक्टर असतात, त्यांच्याकडे द्या. नळी उन्हात ठेवू नका.

दादाचं नाव आणि वय मीच लिहिलंय. कुमार, ३३, पुरुष.

आईला सांगा की मी वेळेवर जेवते.

सुलक्षणा


हिर्डोशी
२५ नोव्हेंबर २०२४

वन्सं,

नळी पाठवली, संगं आधीच्या गोळ्यांचं रिकामं पाकीटबी. नूतनताईंनी उजेडात धरून बघितली, म्हणाल्या, "काय गं रत्ना, नणंदेला लोणच्याचा खार का?" म्या म्हटलं, "व्हय, पण चाखू नका." लई हसल्या. पैशाच्या पिशवीत न्हाई, डब्याच्या पिशवीत ठेवली, सावलीला.

तुमी सांगितलं तसंच केलं. घरात कुणी नव्हतं. हे पालथे पडले, लहान पोरागत कुरकुरले. काडी आत फिरली तवा डोळ्यापुढं काजवे चमकले. ह्यांच्या.

तुमी लिहिलंत की हे बाहेरचं न्हाई, वाईट चालीचं न्हाई. ती ओळ म्या कितीदा वाचली सांगता येत न्हाई. कागद पिठाच्या डब्यात ठेवलाय. भाकरी करताना डबा उघडते आन वाचते.

शाळेचे गणवेश शिवायचे राहिलेत, बाई दोनदा येऊन गेल्या. मशीनवर बसणंच होत न्हाई. भाताची कामं लई हायेत.

सकाळी घाटाकडनं ढग खाली येतो आन अंगणात हिंडतो. त्यातनं नूतनताईंची गाडी आली तवा नुसते दोन दिवे दिसले. तुमची नळी त्या दिव्यांच्या हवाली केली आन उगाच हात जोडले.

रत्ना


भोर
५ डिसेंबर २०२४

रत्ना वहिनी,

उशीर झाला. पण हा उशीर माझा नाही, त्या जंतूचा. सगळं सांगते.

नळी आली त्याच दिवशी मी पू काचेवर पसरून रंगवला. बहुतेक वेळा अशा ठिकाणी आतड्यातले नाहीतर कातडीवरचे जंतू दिसतात. गोल, जाडे, घाईतले. इथे तसं नव्हतं. जांभळ्या रंगाच्या अगदी बारीक काड्या, आणि काहींना फांद्या. डोळा भिंगावरून उचलावासाच वाटेना. पानं गळलेली झाडं धुक्यात उभी असावीत, आणि आपण त्यांच्या खूप वरून जात असावं, तसं.

मग रक्त घातलेल्या जेलीच्या ताटल्यांवर तो पू लावला. आमच्याकडे एक मोठी काचेची बरणी आहे. तिच्यात ताटल्या रचतात, वर मेणबत्ती लावतात, झाकण घट्ट बसवतात. ज्योत बारीक होते, निळी होते, जाते. आत जी जड हवा उरते ती काही जंतूंना मानवते. मी रोज ती ज्योत जाताना पाहते. कुणाला तरी हळूच निजवल्यासारखं वाटतं.

दोन दिवसांनी ताटल्या काढल्या. टोकदार पेन्सिलीने टिंब द्यावं तेवढं काही, तेही वाकडं धरल्यावर दिसणारं. सर म्हणाले, "कातडीवरचं आहे. विशेष काही नाही असं लिही आणि टाक."

आमच्याकडे दोन दिवसांचा नियम आहे. दोन दिवसांत उगवलं नाही तर ताटली टाकायची, कारण उद्याच्या ताटल्यांना जागा लागते. मी म्हटलं, "सर, काचेवर काड्या दिसल्या होत्या. त्या कुठे गेल्या?"

"सुलक्षणाबाई, ही लॅब आहे, पाळणाघर नाही."

"सर, एकच ताटली. कोपऱ्यात ठेवते."

ते चष्म्यावरून बघत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या डब्याच्या फळीवर जागा असेल तर मला विचारू नकोस." म्हणजे ठेव. म्हणून बरणी माझ्या डब्याशेजारी आली. मी रोज नवी मेणबत्ती लावत गेले.

एका दुपारी बरणीकडे बघता बघता डोळा लागला. स्वप्नात ती ताटली म्हणजे आपलं खोरं होतं, वरून पाहिलेलं, ढगाने भरलेलं. ढगाखाली एकेक दिवा लागत होता. मला कळत होतं की प्रत्येक दिव्याशी कुणीतरी बसलंय, पण नावं आठवत नव्हती. जागी झाले तर सर शेजारी उभे. "उगवलं का स्वप्नात?" म्हणाले.

पाचव्या दिवशी खरंच उगवलं. वरीच्या दाण्याहून लहान, करडे, ओलसर ठिपके, पण सगळे एकसारखे. रंगवले तर त्याच काड्या. सरांनी दोनदा पाहिलं, मग दुसऱ्या ताटल्या सरकवून ती बरणी मधल्या फळीवर ठेवली.

हा जंतू नेहमीचा नाही. त्याचं पूर्ण नाव सांगणारं यंत्र आमच्याकडे नाही, म्हणून पुण्याला पाठवलंय. तोवर एक काम करा. इथे शुभदा मॅडम म्हणून शस्त्रक्रियेच्या डॉक्टर आहेत. मी त्यांना सगळं सांगितलंय. दादाला एकदा त्यांच्याकडे घेऊन या. बाई आहेत म्हणून दादा लाजेल, पण त्या फार साध्या आहेत. मीही खोलीत नसेन.

सुलक्षणा


हिर्डोशी
१२ डिसेंबर २०२४

वन्सं,

तुमी त्या जंतूवर एवढी माया करता, हसू आलं. पाच दिस तुमी त्याला दिवा दावत व्हता. आमी आखाडापासनं सांभाळतोय, आमाला कुणी इचारलं न्हाई.

हे यायचे न्हाईत. महाडकडच्या फेऱ्या वाढल्यात. दोन-दोन दिस घरी येत न्हाईत. आन आले तरी असल्या दुखण्याला बाईपुढं उभं राहायचे न्हाईत. डॉक्टरीण बाई हाय हे बरं हाय खरं. पण न्हाई जमायचं. तुमी पुण्यावरनं नाव आलं की गोळी सांगा.

परवा परत सुजलंय. ताप येतो. ह्यांना. घरात वास यायला लागलाय. आत्या म्हणाल्या, "कसला गं वास? उंदीर मेला का कुठं?" म्या म्हटलं, "व्हय, माळ्यावर." मग त्यांनी समदा माळा उतरवला. उंदीर न्हाई घावला. दोन दिस झालं, त्या माझ्याकडं नुसत्या बघतात.

म्या हल्ली पडवीत निजते. आत उकडतं.

तुमचं सपान वाचून मलाबी पडलं. नाचणीच्या वावरात उभी हाय आन कणसं हातात घेतली की मिटतात. कुणीतरी बांधावरनं म्हणतंय, बस की, बस. आन मला बसता येत न्हाई. वावर लांब लांब जातंय. भ्या वाटलं न्हाई, नुसतं दमायला झालं.

नाव लवकर येऊ द्या.

रत्ना


भोर
१८ डिसेंबर २०२४

रत्ना वहिनी,

नाव आलं. ॲक्टिनोमायसिस ट्युरिसेन्सिस. मी ते गाण्याच्या ओळीसारखं म्हणत घरी आले. शुभदा मॅडम म्हणाल्या, एवढ्या वर्षांत हे नाव त्यांच्यासमोर दुसऱ्यांदाच आलं. तो बहुधा खूप ठिकाणी असतो, पण दोन दिवसांच्या नियमात सापडत नाही. आणि सापडला तरी कातडीवरचा म्हणून टाकून देतात.

आता गोळ्या का लागू पडल्या नाहीत तेही कळलं. तुम्ही पाठवलेल्या रिकाम्या पाकिटावरचं औषध आतड्यातल्या दुसऱ्या जंतूंवर चालतं, या जातीवर नाही. आजूबाजूचे जंतू मेले, म्हणून आठ दिवस बरं वाटलं. हा मात्र तिथेच राहिला. याला घाई नसते. पण योग्य औषधाला तो साधा आहे. पेनिसिलीनच्या जातीच्या गोळ्या, पण बरेच आठवडे. आणि ती पिशवी उघडून साफ करावी लागेल. नुसत्या गोळ्यांनी ती जागा भरायची नाही.

शुभदा मॅडम न पाहता गोळी देत नाहीत, मी खूप विनवलं तरी नाही. पण ताप आहे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, येईपर्यंत थोडे दिवस चालू करू. त्याआधी एक प्रश्न. दादाला पेनिसिलीनचं इंजेक्शन किंवा गोळी घेऊन कधी अंगावर गांधी उठल्या का? तोंड सुजलं का? दम लागला का? मी म्हटलं, त्याला चालतं. तर म्हणाल्या, "हे बहिणीच्या आठवणीवर ठरवायचं नाही. ज्याच्या अंगात औषध जाणार त्याला विचार. चुकलं तर माणूस तासाभरात जातं." म्हणून विचारते. खरं उत्तर कळवा, आणि लगेच. उत्तर आलं की गोळ्या नूतनताईंबरोबर पाठवते.

सुलक्षणा


हिर्डोशी
२३ डिसेंबर २०२४

वन्सं,

चालत न्हाई. आठवीत पायात खिळा गेला तवा वेल्ह्याला ती सुई दिली व्हती. घटकाभरात तोंड सुजलं आन घसा आवळला. डॉक्टरांनी दुसरी सुई दिली म्हणून वाचले.

गोळ्या पाठवू नका.

रत्ना


भोर
२६ डिसेंबर २०२४

वहिनी,

दादा वेल्ह्याला कधी शिकला नाही, ते तुमचं माहेर. गेल्या वर्षी त्याची दाढ सुजली तेव्हा तो माझ्याकडे राहिला होता. याच जातीच्या गोळ्या पाच दिवस, दिवसातून तीनदा, मी स्वतः त्याच्या हातावर ठेवल्या. काही झालं नाही.

तुमचं पत्र मी टेबलावर ठेवलं. मग आधीची सगळी पत्रं काढली आणि पुन्हा वाचली. पहिल्यांदाच वाचत होते असं वाटलं. चुलीच्या ओट्यावर, उभ्याने. मशीनवर बसणं होत नाही. आणि डिसेंबरात हिर्डोशीला उकडतं का, वहिनी? मी ते वाचलं आणि पुढे गेले. पडवी हा शब्द तुमच्या पहिल्याच पत्रात होता, तरी मी पुढे गेले.

तुम्ही खोटं लिहिलंत म्हणून मला राग आलेला नाही. राग स्वतःचा आला. पुस्तकात तरुण पुरुष असं होतं, गाडी चालवणारे असं होतं. भाऊबीजेला त्याला नुसती फेरीची घाई होती, तरी दादा त्यात इतका चपखल बसला की मी दुसऱ्या कुणाकडे पाहिलंच नाही. त्याच पुस्तकात पुढच्या ओळीत आहे की बसून काम करणाऱ्या बायकांनाही होतं. लाकडी स्टुलावर दिवसभर शिलाई करणाऱ्या माझ्या वहिनी मला त्या ओळीत दिसल्या नाहीत. पाच दिवस मी एका ठिपक्याची वाट पाहिली, आणि तुम्हाला एकदाही विचारलं नाही की तुम्ही कशा आहात.

तुम्ही "चालतं" असं लिहिलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी अर्धा करते आणि सोडते. तुम्ही लपवत होतात, पण तिथे लपवलं नाहीत.

सरांना सांगावंच लागलं. पुण्याला गेलेला नमुना चुकीच्या नावाचा होता. वाटलं, ओरडतील. त्यांनी नोंदवही पुढे केली आणि लाल पेन दिलं. "कुमारवर रेघ मार. खाली खरं नाव लिही आणि चूक कुणाची ती सही कर." मी लिहिलं, रत्ना, २९, स्त्री. सही केली. ते नाव तिथे बसल्यावर फार बरं वाटलं.

आता ऐका. पेनिसिलीनशिवाय दुसरं औषध आहे. तुमच्याच ताटलीवर ते लावून पाहिलंय, चालतं. शुभदा मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी बाईला पडवीतून आत आण, मग माझ्याकडे आण." येत्या सोमवारी मी हिर्डोशीला येते, सकाळच्या गाडीने. तुमची तयारी असेल तर दादाला आणि आईला मी सांगते. नसेल तर कुणाला काही न सांगता आपण दोघी भोरला येऊ. कसं ते तुम्ही ठरवा. पण ताप अंगात ठेवून हा महिना संपवायचा नाही.

तुमची,
सुलक्षणा


हिर्डोशी
३० जानेवारी २०२५

वन्सं,

महिनाभर कागद हातात घ्यायला झालं न्हाई. दवाखान्यातलं तुमाला ठावंच हाय, तुमी दारातनं हलला न्हाईत. पण तुमी यायच्या आदल्या दिशी घरात काय झालं ते न्हाई सांगितलं. तवा तोंडातनं निघालं नसतं.

रविवारी हे अंगणात टेम्पोची काच पुसत व्हते. तुमी येऊन सांगायच्या आधी आपण सांगावं असं मनानं घेतलं. म्या म्हटलं, "तुमाला गळू झालंय."

"मला?"

"व्हय. आखाडापासनं."

"आन मला कसं ठावं न्हाई?"

"ते माझ्याकडं हाय म्हणून."

फडकं तसंच हातात. म्या समदं बोलले. नळी, बरणी, पुण्याचं यंत्र. ऐकून झाल्यावर म्हणाले, "म्हंजी पुण्यातपातूर माझ्या ढुंगणाचा बोभाटा झाला आन मी हितं काच पुसतोय?" मला रडू येत व्हतं आन हसूबी. मग फडकं खाली ठेवलं. आन इचारलं, "ठणकतं का गं लई?" वन्सं, आखाडापासनं हे मला कुणी इचारलं नव्हतं. कुणाला ठावंच नव्हतं म्हणा. पण तरीबी.

भोरला जाताना मला बसवेना म्हणून ह्यांनी टेम्पोत पेंढा पसरला, वर गोधडी. तुमी पुढं बसला व्हता, म्हणून तुमाला ठावं न्हाई. म्या पालथी, हनुवटी हातावर. रस्ता मागं मागं जात व्हता, पाण्यावानी. झाडं उलटी चालली व्हती. धुकं फाटायचं आन परत शिवलं जायचं. डोंगर आमच्या मागं येतायत असं वाटलं, सोडायला आल्यावानी. जायला लागल्यापासनं पोचेपातूर मला कशाचंबी भ्या वाटलं न्हाई.

आता जखमेचं. शुभदाबाईंनी उघडी ठेवलीय, तळापासनं भरू द्या म्हणाल्या. रोज धुवून पट्टी बदलायची. तुमी ह्यांना शिकवून गेलात, पण पहिल्याच दिशी हे दाराकडं तोंड करून उभे राहिले. हात पुढं, तोंड मागं. पट्टी कमरेला लागली. आत्या चुलीपाशी बसल्या व्हत्या. त्या उठल्या, हात कोपरापातूर साबणानं धुतले, आन ह्यांना म्हणाल्या, "जा, गाडी पूस." त्या दिसापासनं त्याच करतात. माझं अंथरूण त्यांनीच पडवीतनं आत आणलं, त्यांच्या शेजारी. मला वाटायचं त्या मनात कायबाय म्हणत असतील. म्या डोळे मिटून पडून राहायची.

जखम आता दोन बोटांवरनं एका बोटावर आलीय. ताप न्हाई. वास न्हाई. कॅप्सूल चुकत न्हाई.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहिलं ते.

काल पट्टी करता करता आत्या म्हणाल्या, "रत्ना, शुभदाबाई दुसऱ्या जागचंबी बघतात का? ह्याच्या खालचं? शी करतो तिथलं?"

म्या म्हटलं, "बघतात की. कुणाचं हाय?"

"असंच. त्या बाळाबाईचं."

बाळाबाई आपल्या शेजारची. कालच नळावर माझ्यासंगं पाटावर बसून तासभर कपडे धुतले तिनं. तिला काई झालेलं न्हाई. तोंड उशीत व्हतं तेच बरं. नुसतं इचारलं, "लई दिस झालं का बाळाबाईला?"

आत्यांचा हात थांबला. "कुमारच्या बाळंतपणापासनं," म्हणाल्या. "येतं आन जातं. जायचं म्हणून तिनं कुणाला सांगितलं न्हाई."

"दुखतं का लई?"

त्यांनी पट्टी चिकटवली, कडेनं बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग म्हणाल्या, "तिला सवय झालीय."

वन्सं, तेहतीस वर्सं.

म्या सांगितलं की मला मंगळवारी जखम दाखवायला जायचंच हाय, तर बाळाबाईलाबी घेऊन जाऊ. आत्या म्हणाल्या, "तिला एकलीला लाज वाटंल. मीबी येते संगं." म्या म्हटलं, "या की."

मंगळवारी सकाळच्या गाडीनं आमी दोघीच उतरू. तुमी स्टँडवर या, पण बाळाबाई कुठं हाय म्हणून इचारू नका. शुभदाबाईंना आधी सांगून ठेवा, खोलीत दुसरं कुणी नको. आन त्या कागदावर तुमी ह्या बारीला काई लिहू नका, नाव न्हाई, वय न्हाई. आत्यांना दारापातूर न्या आन तुमी म्या भाईर बसू. त्या आत स्वतः सांगतील.

रत्ना